खुशालरावांचा डावा गाल

त्या वर्षी पौषात खुशालरावांनी एक लहानसा निर्णय घेतला. घरात जे काही लोणी निघेल ते त्यांच्या डाव्या गालाला लागेल, दुसऱ्या कुणाच्या कशालाही लागणार नाही. निर्णय लहान होता, कारण लोणीच लहान होतं. बोराएवढा गोळा, तोही निघाला तर निघाला.

त्यांची बायको मनकर्णाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. थंडीनं तिचेही गाल उलले होते, आणि हसलं की ओठातून रक्त यायचं. (त्या घरात हसण्याचे प्रसंग फारसे येत नसत, त्यामुळे हा त्रास तसा कमी होता.)

"इतकुसं मले द्या ना," ती म्हणाली. "तोंड तानते. घास घेता येत नाही."

"तुह्या तोंडावर कोनाचं पोट चालते?" खुशालराव म्हणाले. "माह्या गालावर सगळ्या घराचं चालते."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते लागलं. मनकर्णाबाईनं तव्यावरची भाकरी उलथली आणि त्यानंतर लोण्याचं नाव काढलं नाही. खुशालरावांना वाटलं, पटलं तिला. नवऱ्यांना असं वाटतं.

तर गालाचं असं होतं. अमेरिका नावाच्या कुठल्याशा मुलखात भाऊ भावावर उठला होता, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि म्हणून इकडे अमरावतीच्या परकोटाबाहेर गाड्या उभ्या करायला जागा उरली नव्हती. काल ज्यांच्या बैलांना धड दोर नव्हते त्यांच्या बैलांच्या गळ्यात आज चांदीच्या घुंगुरमाळा वाजत होत्या. त्या गर्दीत एका मोठ्या अडत्याच्या दुकानात, शेठच्या गादीला लागून, आणखी एक छोटी गादी होती. तीवर खुशालराव बसत. शेतकऱ्यानं बोऱ्याचं तोंड सोडलं की शेठ मान हलवायचा. खुशालराव आतून रुईचा पुंजका काढायचे, डोळे मिटायचे, आणि तो पुंजका डाव्या कानाच्या पाळीखालून हनुवटीपर्यंत हळूच ओढायचे. सगळी ओसरी गप्प व्हायची. मग खुशालराव डोळे न उघडता एक शब्द बोलत. "बन्नी" म्हटलं की शेतकऱ्याचा चेहरा खुलायचा, कारण बन्नी म्हणजे मऊ, नाजूक तंतूची, चढ्या भावाची. "जरी" म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा, कारण जरी राकट. आणि "पानी मारलं" म्हटलं की शेतकरी आपल्या आईची शपथ घ्यायला लागायचा.

बोटांनी रुई कुणीही पाहतो, असं खुशालरावांचं म्हणणं होतं. बोटं नांगर धरून निबर होतात. गाल मात्र जन्मापासून कोरा असतो, फक्त माणसानं तो जपला पाहिजे. आणि त्यांनी तो जपला होता, तो अगदी तान्ह्या लेकरासारखा. दाढी करायला येणारा म्हाली उजव्या गालावर वस्तरा कसाही फिरवायचा. डाव्या गालाला हात लावण्याआधी त्यानं हात धुतलेच पाहिजेत अशी ताकीद होती. मेहुण्याच्या लग्नात खुशालरावांना हळद लागली ती उजव्याच गालाला, आणि होळीला ते अर्धेच रंगत. झोपताना त्या कुशीवर वळायचं नाही हा नियम तर लग्नापासूनचा. मनकर्णाबाईनं इतक्या वर्षांत त्या गालाला बोट लावलं नव्हतं. (पहिल्या वर्षी एकदा लावलं होतं. तेव्हा खुशालराव दचकून "हात धुतले काय वं?" असं म्हणाले होते. नव्या नवरीला एवढं पुरतं.)

उन्हाळ्या-पावसाळ्यात गालाची काळजी नसायची. पण कापसाचा बाजार भरतो थंडीत, आणि वऱ्हाडातली थंडी कोरडी. काळ्या रानावरून वारा सुटला की माणसाची कातडी तडकायला लागते. म्हणून थंडीभर रोज सकाळी गालाला ताजं लोणी. एरवी ते निघायचं. पण या वर्षी चढ्या भावाच्या लोभानं गावोगाव ज्वारीच्या जागीही कापसाची पऱ्हाटीच पेरली गेली होती. ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. नुसत्या सरकीवर म्हैस किती दिवस काढणार? खुशालरावांची म्हैस आधी रुसली, मग आटली. ज्या कापसावर गाल जगत होता त्याच कापसानं गालाचं लोणी खाल्लं होतं. पण हे त्यांच्या ध्यानात यायला एक वेगळ्या प्रकारची अक्कल लागते, आणि त्यांची सगळी अक्कल गालात होती.

गाल उलला. आधी पांढुरका झाला, मग त्यावर बारीक खवले उठले. आणि एके दिवशी अकोल्याकडून गाड्या घेऊन आलेले पंजाबराव पाटील समोर बसले असताना खुशालरावांनी त्यांची रुई गालावरून ओढली, ती खवल्यांत अडकत अडकत आली, आणि ते बोलून गेले, "जरी."

पंजाबराव उठून उभे राहिले. "काय म्हनलं?"

"जरी."

"माह्या बन्नीले जरी म्हनतं? माह्या बापानं कधी जरी पेरली नाही! घरी सोयऱ्याईले सांगू का, अमरावतीले जाऊन जरी इकून आलो म्हनून?"

शेठनं स्वतः उठून बोटांनी रुई पाहिली आणि जीभ चावली. बन्नी होती. अव्वल होती. पाटलांना गूळ-पाणी झालं, हात जोडले गेले. ते गेल्यावर शेठ आपल्या मारवाडी-वऱ्हाडी भाषेत हळू आवाजात म्हणाला, आणि शेठ हळू बोलला की समजावं, "खुशालराव, येत्या बाजाराला मुंबईहून साहेब येऊन राहिला. माल उचलणारा. त्याले तुझा गाल दाखवतो म्हनून मी सांगून बसलो. त्या दिवशी चुकला, तर गादी उठली समज."

खुशालराव घरी आले ते जेवलेच नाहीत. शेती थोरल्या भावाकडे होती. नांगर धरायची सवय सुटली होती. गादी गेली तर उरलेला खुशालराव म्हणजे कोण, या प्रश्नाचं उत्तर त्यांना सुचेना. खरोखरच भीती वाटली त्यांना.

मग सुरू झाले उपाय. करडईचं तेल लावलं, तर त्यावर बाजारातली धूळ बसून गाल सारवल्यासारखा झाला. मसुराचं पीठ लावलं, तर होती ती ओलही त्यानं शोषली. शेजारच्या गोदाबाईकडे गाय होती. तिच्याकडे साय मागायला गेले, तर ती म्हणाली, "सायीवर आमचं मांजर टपून हाये, आता तुमीबी या." अंगाला पडसं जडलं ते वेगळंच. नाक चोंदलं, आवाज बसला, आणि बाजाराचा दिवस जवळ येत चालला.

अशात एका सकाळी त्यांनी पाहिलं: मनकर्णाबाई आढ्याच्या वाशाला टांगलेलं एक मातीचं बोळकं खाली काढत होती. त्यात बोट घातलं, पिवळसर, घट्ट असं काहीतरी बोटावर घेतलं, आणि नवरा पाहतो आहे हे दिसताच पाठ फिरवली.

"काय हाये त्यात?" खुशालरावांनी विचारलं.

"माहं हाये," ती म्हणाली, बोळकं परत टांगलं, आणि दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला निघून गेली.

खुशालराव जागीच बसले. पिवळं. घट्ट. थंडीत गोठलेलं. तूप! म्हैस आटायच्या आधीच हिनं लोण्यातून चोरून तूप काढलं, आणि इथे नवऱ्याचा गाल फाटत असताना बोळकं आढ्याला लावून ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिच्यासाठी आपण गाल झिजवला तीच अशी निघावी? (बोराएवढ्या गोळ्याची गोष्ट या वेळी त्यांना आठवली नाही. ती आठवण्याजोगी वेळही नव्हती.)

बाजाराच्या दिवशी मनकर्णाबाई उजाडताच वेचायला गेली. खुशालरावांनी दार लोटलं आणि बोळकं काढलं. वास घेऊन पाहिला. पडशामुळे वास येण्याचा प्रश्नच नव्हता. निखाऱ्यावर धरलं, तर काय सुरेख वितळलं ते! सोन्यासारखं. डाव्या गालाला एक हात दिला, तो वाळू दिला, वर दुसरा दिला. उरलं ते कशाला टाकायचं म्हणून उजव्या गालाला, मग कपाळाला, मग हनुवटीला. शेवटी बोळक्यात बोट फिरवून तळही पुसून घेतला. चोरीचा माल घ्यायचा तर पूर्ण घ्यावा, त्यात मग हयगय कशाला?

पितळी तांब्यात पाहिलं. चेहरा चकाकत होता. एक खवला दिसत नव्हता, एक भेग दिसत नव्हती. गोधडीतून रुईचा पुंजका उपटून त्यांनी गालावरून ओढून पाहिला. सकाळच्या कडाक्यात तो काचेवरून घसरावा तसा घसरला. खुशालराव तांब्यातल्या स्वतःकडे पाहून हसले. ओठ फुटला नाही.

रस्त्यानं जाताना ऊन वर आलं. चेहरा जरा ताणल्यासारखा वाटला. तूप मुरतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं. वेशीपाशी एक माशी येऊन गालावर बसली, आणि तिथेच राहिली. खुशालरावांना त्यातही शकुन दिसला.

साहेब आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वऱ्हाडातली थंडी मोठी लबाड. सकाळी दात वाजवते आणि दुपारी बंडी काढायला लावते. या दोन्हींनी मिळून साहेबाचं तोंड सोलून काढलं होतं. नाकाचं तर साल निघून खाली लाल मांस दिसत होतं. त्याच्या बरोबर चिंतामणपंत होते, भिक्षुकी सोडून इंग्रजी शिकलेले अमरावतीचेच गृहस्थ, दुभाषी म्हणून. ओसरीवर शेतकरी दाटीनं बसले होते, पंजाबराव पाटील पुढेच होते. मागे हमाल देवीदास टांगलेल्या बोऱ्यात उतरून, तो ठासून भरायला, रुई पायांनी तुडवत होता, आणि त्याच्या तुडवण्यानं हवेत कापसाचं बारीक पीस तरंगत होतं.

शेठनं मान हलवली. खुशालरावांनी पुंजका घेतला, डोळे मिटले, कानाच्या पाळीखाली टेकवला आणि हात खाली ओढला.

हात खाली आला. रुई आली नाही.

"बोल," शेठ कुजबुजला.

"बन्नी," खुशालराव म्हणाले. (गालानं काहीच सांगितलं नव्हतं. पण गप्प बसण्यापेक्षा बन्नी बरी.)

"रुई कुठे हाये?"

"कोनती?"

"हातात घेतली होती ती!"

खुशालरावांनी डोळे उघडले आणि हाताकडे पाहिलं. घाईनं त्यांनी दुसरा पुंजका घेतला. तोही गालावरच राहिला. तिसरा त्यांनी घाबरून उजव्या गालाला लावला, आणि उजवाही तसाच निघाला. तोवर हवेतलं पीस कपाळावर, भुवयांवर, हनुवटीवर उतरून बसायला लागलं होतं.

"बाप्पा बाप्पा!" पंजाबराव पाटील मोठ्यानं म्हणाले. "सकायी जवान होता, दुपारी म्हातारा झाला!"

साहेब काही बोलला. चिंतामणपंत शेठकडे वळले. "साहेब विचारतात, हे गृहस्थ कोणत्या देवाचे पुजारी?"

"पुजारी नाही जी, पारखी. गालाला लावून रुई पारखतो."

पंतांनी ते बराच वेळ सांगितलं. साहेबानं दोन शब्दांत उत्तर दिलं.

"साहेब म्हणतात, मग रुई परत का येत नाही?"

शेठनं खुशालरावांकडे पाहिलं. त्या नजरेत गादी उचलण्याची सगळी तयारी होती. खुशालरावांच्या तोंडून आपोआप निघालं, "चांगली रुई गालाले सोडत नाही जी."

पंतांनी सांगितलं. साहेबानं गंभीरपणे मान हलवली आणि पुन्हा बोलला.

"साहेब म्हणतात, मग आता वाईट रुई लावून दाखवा."

शेठनं कोपऱ्यातल्या टाकाऊ ढिगातून एक मळका, कुजका पुंजका दिला. खुशालरावांनी देवाचं नाव घेऊन तो लावला. तो तर सगळ्यांत घट्ट बसला.

"हेबी चांगलीच हाये," शेठ घाईघाईनं म्हणाला. "आमच्याकडे वाईट माल नसतोच."

साहेब खुर्चीवरून उठला. खुशालरावांच्या अगदी जवळ आला, वाकून पाहिलं, आणि डाव्या गालाला बोट लावलं. (म्हाली सोडला तर इतक्या वर्षांत त्या गालाला लागलेलं हे दुसरं परकं बोट. यानंही हात धुतले नव्हते.) मग बोटावर आलेलं ते पिवळं त्यानं पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"साहेब विचारतात, हे थंडीसाठी लावलंय का? त्यांचंही नाक फार फुटलंय, मुंबईचं कुठलंच औषध लागू पडत नाही."

"घरचं तूप हाये जी," खुशालराव म्हणाले. "असली. बायकोनं लपवून ठेवलेलं."

पंत ते इंग्रजीत सांगेपर्यंत साहेबाचं बोट नाकावर फिरलंही होतं. चांगलं चोळून घेतलं त्यानं. आणि त्याच वेळी मागे देवीदासनं बोऱ्यात एक जोरदार उडी मारली.

पीस उतरलं. साहेबाच्या नाकाच्या शेंड्यावर रुईचा एक गोंडा स्थिर झाला. ओसरीवरचं एक माणूस हसलं नाही. हसायची कुणाची छाती नव्हती.

"सांगा ना त्याले," शेठ पंतांच्या कानाशी लागला.

"काय सांगू?" पंत म्हणाले. "माझी नोकरी नवी आहे."

साहेब तसाच आपल्या बैलांच्या दमणीत जाऊन बसला. बसता बसता वळून एक वाक्य बोलला आणि दमणी निघाली. पंतांनी खालूनच ओरडून सांगितलं, "सगळा माल घेतला! तिकडे विलायतेत गिरण्या बंद पडल्यात, जे मिळेल ते पाठवा म्हणतात. भाव मुंबईहूनच ठरून आलाय!"

"सगळा?" शेठनं विचारलं. "कोपऱ्यातला बी?"

"सगळा."

"पाहिला तर नाही त्यानं!"

"पाहायचा नव्हताच," पंत म्हणाले, आणि दमणीमागे धावले.

शेठ खूष व्हायला हवा होता, आणि झालाही. ती खुशी ओसरल्यावर त्यानं छोट्या गादीकडे पाहिलं, मग तीवर बसलेल्या पांढऱ्या दाढीच्या माणसाकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात काहीतरी जुळत असलेलं खुशालरावांना स्पष्ट दिसलं. गाल बधिर होता. डोळे मात्र चांगले चालत होते.

"जा," शेठ म्हणाला. "तोंड धुऊन घे."

परत कधी ये, हे तो बोलला नाही.

तोंड धुऊन काही झालं नाही. पाण्यानं उलट रुई गालाला आणखी चापून बसली. खुशालराव लोकांच्या नजरा चुकवत घरी आले आणि अंधारल्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले. सांजावताना मनकर्णाबाई वेचणीहून परतली. दारात पांढरी दाढी पाहून तिनं चटकन पदर डोक्यावर ओढला आणि आदबीनं विचारलं, "कोन पायजे बाबा? घरधनी बाजारात गेले हायेत."

दिवसभरात त्यांना कुणी एवढ्या मानानं बोललं नव्हतं. खुशालरावांना रडू फुटलं. "मीच हावो वं."

तिनं पदर खाली केला. जवळ येऊन पाहिलं, मग आत जाऊन वाशाकडे पाहिलं, आणि रिकामं बोळकं हातात घेऊन बाहेर आली.

"हे लावलं?"

"तूप होतं ना ते? तू लपवलेलं?"

"तूप!" ती म्हणाली. "राळ होती, मेन होतं, जवसाचं तेल होतं. टाचेच्या भेगांत भराले मलम केलं होतं म्या. रोज पऱ्हाटीतून चालते, खुटं घुसतात, रगत निघते. भेग बुजते त्यानं. तोंडाले लावते काय कोनी?"

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी माह्या टाचेचं कधी इचारलं?"

तिनं करडईचं तेल कोमट केलं, चिंधी घेतली आणि समोर बसली. ती हसली असती तर बरं झालं असतं. ओरडली असती तरी चाललं असतं. ती एखादं भांडं घासावं तशी नुसती घासत होती. रुई निघेना. तेव्हा तिनं चिमटीत धरून ओढायला सुरुवात केली, आणि रुईबरोबर खुशालरावांची कातडीही निघू लागली.

"मेलो! मेलो वं!"

"टाचेले इतकं दुखत नाही," ती म्हणाली. "तुमचं कातडं कवळं हाये."

काम झाल्यावर ती चुलीपाशी पाय पसरून बसली. विस्तवाच्या उजेडात तिच्या टाचा दिसल्या. त्या भेगांत ज्वारीचा दाणा मावला असता. खुशालरावांनी ते पाहिलं, आणि त्यांना लाज वाटली. पण लाज गालाइतकी झोंबत नव्हती, त्यामुळे ते पुन्हा गालावर फुंकर घालत बसले.

तोंडाला खपली धरली आणि खुशालराव घराबाहेर पडेनासे झाले. शेठकडून निरोप आला नाही. म्हाली आला, दारातूनच तोंड पाहून परत गेला. मनकर्णाबाई वेचायला जात होती, आणि त्या दिवसांत घरात जे शिजलं ते तिच्याच वेचणीवर शिजलं. ती तसं एकदाही बोलून दाखवत नव्हती. खुशालरावांना ते बोलण्यापेक्षा जड जात होतं.

मग खपली पडली, आणि खाली निघाला नवा गाल.

असा गाल त्यांना जन्मात मिळाला नव्हता. गुळगुळीत, तान्ह्या पोराचा असतो तसा. त्यांनी गोधडीतली रुई ओढून पाहिली, उशीतली पाहिली, शेजारून मागून आणलेली पाहिली. एकेक तंतू वेगळा कळत होता. गोधडीत कुणीतरी बन्नीत जरी मिसळून फसवलं होतं, हेही त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. खुशालराव घरात एकटेच नाचले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला.

"कुठं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"गादीवर!"

भिंतीला टेकून तिनं टाचेला चिंधी बांधली आणि आपल्या वाटेनं गेली.

बाजार पूर्वीपेक्षाही दाटला होता. शेठच्या ओसरीवर छोटी गादी नव्हती. तिच्या जागी रिकाम्या बोऱ्यांची चळत होती. गाड्या येत होत्या, बोऱ्यांची तोंडं सुटत होती, आणि रुई कुणी हातातही न घेता मागे जात होती. खुशालराव तसेच पुढे गेले.

"शेठजी, गाल आला."

शेठनं वर पाहिलं. "काय आला?"

"गाल जी. नवा. एकडाव पाहा. चुकलो तं पुन्हा पायरी चढत नाही."

शेठला त्या दिवशी वेळ होता, किंवा दया आली असेल. त्यानं वेगवेगळ्या बोऱ्यांतून तीन पुंजके काढले. खुशालरावांनी डोळे मिटले. पहिला पुंजका कानाखालून हनुवटीपर्यंत आला, आणि ओसरी पूर्वीसारखी गप्प झाली.

"बन्नी. पहिल्या वेच्याची."

दुसरा.

"जरी. मांगल्या सालची, घरात पडून राहिलेली."

तिसऱ्याला त्यांनी वेळ घेतला. "हे बन्नीच हाये शेठजी, पन पानी मारलं. वजनासाठी दंवात पसरली."

कोपऱ्यात एक शेतकरी आईची शपथ घ्यायला लागला. पंजाबराव पाटील त्या दिवशीही आले होते. त्यांनीसुद्धा मान डोलवली. खुशालरावांनी डोळे उघडले. डोळे भरून आले होते.

"एकदम बराबर," शेठ म्हणाला. "तिन्ही बराबर. असा पारखी मुलखात नाही."

"मंग शेठजी?"

"मंग आता हे तिन्ही त्या एकाच बोऱ्यात टाक, आणि तू बी उतर आत. देवीदास एकटा पुरा पडत नाही."

खुशालरावांनी फेटा काढून बाजूला ठेवला, धोतर वर खोचलं, आणि टांगलेल्या बोऱ्याच्या काठावर पाय टाकला.

"आणि खुशालराव," शेठ मागून ओरडला, "पायानं दाब बरं. गालानं नको."